घरात राहणाऱ्या व्यक्ती: दोन

५ मार्च, सकाळ
आजपासून घराच्या विम्याचं काम हातात घेतलं. तसं ते दोन वर्षांपासून हातातच आहे, पण आजपासून युद्धपातळीवर. पुढच्या शुक्रवारपर्यंत पॉलिसी फायनल म्हणजे फायनल. काळ्या दगडावरची रेघ.

पद्धत नेहमीचीच: तीन कोटेशन. कारखान्याच्या परचेस डिपार्टमेंटमध्ये उभी हयात काढली, तीन कोटेशन हातात आल्याशिवाय टाचण्यांचं पाकीटसुद्धा घेतलं नाही. निरोप समारंभात साहेब म्हणाले, हा माणूस होता म्हणून आपण कधी फसलो नाही. पुढच्या वर्षी कारखानाच बंद पडला. मशीनचे पार्ट वेळेवर येत नव्हते म्हणे. तो स्टोअर्सवाल्यांचा दोष.

संध्याकाळ
तीन कंपन्यांना फोन झाले. पहिली आग, भूकंप, चोरी देते. दुसरी तेवढं देऊन वर पाइप फुटून होणारं नुकसानही देते. तिसरीने फोन होल्डवर टाकला. कसलंसं संगीत वाजत राहिलं, चहा गार झाला, मग फोन कट. तिसऱ्या कंपनीबद्दल मनात आदर निर्माण झाला. गिऱ्हाइकाच्या मागे धावत नाहीत.

ही दुपारी ताईकडे गेली. संध्याकाळी येईल.

६ मार्च
ही आली नाही. फोन केला तर तिच्या ताईने उचलला. म्हणाल्या, झोपलीय. सकाळी अकराला? दमली असेल.

कारण किरकोळ आहे. बाहेरच्या खोलीत छताला ओल आहे, त्याच्या बरोबर खाली हिचा पियानो. वर दातांचे डॉक्टर राहतात, त्यांच्या बाथरूमचं पाणी मुरतं. काल शिकवणी चालू असताना एक थेंब शिकणाऱ्या मुलीच्या हातावर पडला, दुसरा पट्ट्यांवर. मुलगी हसली. हिने झाकण लावलं, मुलीला घरी पाठवलं आणि बॅग भरली. मी आत कंपन्यांचे नंबर काढत होतो. म्हणजे याच कामात होतो.

ही म्हणते प्लंबर बोलवा. दोन वर्षं हेच पालुपद. मी हिला कितीदा समजावलंय की आधी विमा, मग दुरुस्ती. विमा घ्यायच्या आत जो दुरुस्ती करतो तो कंपनीचा खर्च स्वतःच्या खिशातून करतो. एकदा कागदावर बाण काढूनही दाखवलं. जानेवारीत हिने परस्पर प्लंबर बोलावलाच. मी त्याला दारातूनच परत पाठवला. एकच कोटेशन होतं.

९ मार्च
पियानोवर प्लास्टिक घातलं, त्यावर बादली ठेवली. हिची सूचना होती की पियानो आतल्या खोलीत सरकवा. मुद्दाम सरकवला नाही. उद्या कंपनीचा माणूस पाहणीला आला तर वस्तू मूळ जागी हवी. पुरावा म्हणतात त्याला.

मुलीचा फोन. ती नोकरीमुळे दुसऱ्या शहरात असते. म्हणाली, बाबा, फॉर्मबिर्म राहू द्या, जा आणि आईला घेऊन या. तिला म्हटलं, अगं, विमा नसलेलं घर उघड्यावर टाकून कसा जाऊ? काही झालं तर? ती म्हणाली, बरं बाबा, ठेवते. मुद्दा पटला असावा.

जेवण: उकडलेली अंडी, पाव.

१३ मार्च, शुक्रवार
पॉलिसी फायनल झाली नाही. पण का झाली नाही हे महत्त्वाचं. तीन कंपन्या आणखी सापडल्या, त्यामुळे तुलनेचा तक्ता करावा लागला. उभे रकाने सात, आडवे अकरा. रंग भरले. असा तक्ता परचेसमध्येही कुणाला जमला नसता.

फ्रिजवर चिकटवला. खाली हिच्या शिकवणीचं वेळापत्रक आहे, ते झाकलं गेलं. तात्पुरतं आहे. ही आली की काढीन.

जेवण: अंडी.

१८ मार्च
साडू येऊन गेले. हिच्या ताईचे यजमान. सज्जन माणूस, पण विम्याच्या बाबतीत अगदीच कच्चा. त्यांनी घराची पॉलिसी म्हणे बँकेत रांगेत उभ्या उभ्या घेतली. मी सहज विचारलं, डिडक्टिबल किती ठेवलाय? म्हणजे नुकसानातला पहिला किती वाटा तुम्ही स्वतः सोसायचा? त्यांना तो शब्दच माहीत नव्हता. मनातल्या मनात हसलो. अशी माणसं रात्री झोपतात कशी?

ते हिची स्वरलिपीची पुस्तकं न्यायला आले होते. टकटक करून ताल देणारा मेट्रोनोमही. आणि लोकरीची शाल. शाल कशाला हवी, उन्हाळा तोंडावर आलाय. बादलीकडे बघत बसले. चहा नको म्हणाले. दारात बूट घालता घालता म्हणाले, ती आमच्या शेजारच्यांच्या कीबोर्डवर वाजवते रोज. एकदा येऊन तर जा हो.

म्हटलं, पॉलिसी हातात आली की लगेच.

२४ मार्च
आज एजंट घरी आला. सोनेरी काड्यांचा चष्मा, बोलायला गूळ. खोल्या मोजल्या, कपाटं मोजली. मग म्हणाला, मौल्यवान वस्तू? म्हटलं, पियानो. म्हणाला, बिल? बिल नाही. हिच्या वडिलांचा आहे, लग्नानंतर हिच्यासोबत आला. बिलाशिवाय किंमत कशी लावायची? एजंट म्हणाला, एखाद्या जाणकाराकडून लिहून आणा. अर्थातच तीन जाणकारांकडून आणावं लागेल.

घरात राहणाऱ्या व्यक्ती किती, असा रकाना आहे. दोन, मी म्हणालो. तो सिंककडे बघत होता. सिंकमध्ये एक कप, एक बशी, एक चमचा. दोन, मी परत म्हणालो. त्याने दोन लिहिलं.

जाता जाता एक फार महत्त्वाची अट कळली. घर सलग महिनाभर बंद राहिलं तर पॉलिसी निकामी. म्हणजे पॉलिसीच्या आधी घर सोडता येत नव्हतं, पॉलिसीनंतरही सोडता येणार नाही. बघा. मुलीला हे कळवलं पाहिजे.

उशिरा
पियानोची किंमत लिहून आणायची म्हणून जुनं आठवत बसलो. हिचे वडील पियानो सुरात लावायचे. कारखान्याच्या हॉलमध्ये एक पियानो होता, त्याची दुरुस्ती करायची होती. मी नवा नवा लागलो होतो, साहेबांनी कोटेशन आणायला पाठवलं. पहिलाच पत्ता हिच्या वडिलांचा. ते घरी नव्हते. ही वाजवत होती. दारात उभं राहून ऐकलं. हिने मान वळवून विचारलं, काय हवंय? मला सांगता येईना.

उरलेली दोन कोटेशन मी मागवलीच नाहीत. फाइलवर अर्जंट असा शेरा मारला आणि काम त्यांना देऊन टाकलं. नोकरीत एकदाच असं केलं. पुढच्याच महिन्यात हिला विचारलं. तेही तसंच, मागचापुढचा विचार न करता. पुढे कितीतरी वर्षं ही मला चिडवायची. भाजी आणायला सांगायची आणि म्हणायची, अर्जंट हं.

हल्ली म्हणत नाही. बरंच झालं, भाजी अर्जंट नसते.

२ एप्रिल
कंपनीच्या सर्व्हेअर बाई पाहणीला आल्या. तरुण आहेत, अनुभव कमी असावा. भिंतीला एक यंत्र लावलं, ते पीं करून ओरडलं. विचारलं, हे कधीपासून? म्हटलं, अचानक झालं. पाइप फुटल्यासारखं. पॉलिसीत अचानक हा शब्द आहे, तो मी पाठ करून ठेवला होता.

त्यांनी मान वर करून डाग बघितला. एकात एक वर्तुळं आहेत, ओल्या कपाने टेबलावर उमटतात तशी. बाई म्हणाल्या, काका, हे अचानक नाही झालेलं. एकेक वर्तुळ म्हणजे एकदा ओलं होऊन वाळलं. हळूहळू झालेलं नुकसान कुठलीच कंपनी देत नाही. आणि पॉलिसीच्या आधीपासूनचं असेल तर विषयच नाही. आधी दुरुस्ती करा, मग मी रिपोर्ट देते.

म्हटलं, मग इतके दिवस जपून ठेवलं ते? त्या म्हणाल्या, काय जपून ठेवलं?

मग बादली उतरवून पियानोचं झाकण उघडलं. एक पट्टी दाबली, आवाज नाही. दुसरी दाबली, ती खालीच राहिली. कोण वाजवतं, विचारलं. म्हटलं, माझी मिसेस. बाहेर गेलीय. बाई म्हणाल्या, निदान हा तरी बाजूला घ्यायचा होता हो.

अगदी हिच्यासारख्याच म्हणाल्या. त्याच सुरात. चहा विचारायचं राहून गेलं.

३ एप्रिल
ही कंपनी रद्द. यादीतून लाल शाईने खोडली. पाच उरल्या. दुपारी पाचही कंपन्यांच्या अटी भिंग घेऊन वाचल्या. पाचही ठिकाणी तेच वाक्य. हळूहळू झालेली झीज, ओल, दुर्लक्षामुळे झालेलं नुकसान वगळून. म्हणजे सगळे एकमेकांना सामील आहेत.

मग घर कशासाठी बघतात हे लोक? अचानक काय होतं घरात? आग कुणाच्या घरी लागते? जे होतं ते हळूहळूच होतं की.

खोडलेली कंपनी परत घेतली. हिरव्या शाईने.

११ एप्रिल
प्लंबरची तीन कोटेशन मागवली होती. पहिला आला तो नेमका जानेवारीतलाच निघाला. मी आतून कागद-पेन आणेपर्यंत गडी जिना चढून डॉक्टरांकडे गेलासुद्धा. चहा व्हायच्या आत परत आला. म्हणाला, सांधा ढिला होता, झालं काम. मी म्हटलं, अरे, पण मी अजून काम दिलं नव्हतं. तो म्हणाला, बाईंनी जानेवारीत दिलं होतं. तीनदा फोन आला होता त्यांचा. कुठायत?

म्हटलं, बाहेर.

एवढंच काम होतं. एवढंसंच होतं. बाकीच्या दोघांना नको म्हणून कळवलं.

१४ एप्रिल
बादली कोरडी. हिला फोन केला, आज हिनेच उचलला. म्हटलं, गळती थांबली. ही म्हणाली, बरं झालं.

बरं झालं म्हणाली! राग निवळत चालल्याचं लक्षण. नुसतं बरं म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. बरं झालं यात आपुलकी आहे. आवाज दमल्यासारखा होता, पण तो फोनचा दोष.

जेवण: भात जमला. थोडा लागला खाली.

२० एप्रिल
तक्त्यातून तीन कंपन्या निवडल्या. आणि सोन्याहून पिवळं म्हणजे घर दोघांच्या नावावर असल्यामुळे अर्जावर हिची सही लागते. म्हणजे जायलाच हवं. मुलीला कळवलं की मी आईकडे जातोय. ती इतकी खूश झाली. बाबा, खरंच? मग विचारलं, काय बोलणार आहात? म्हटलं, सगळी कागदपत्रं बरोबर नेतोय.

शर्टाला इस्त्री केली. कॉलर जळली. दुसऱ्या शर्टाला केली.

निश्चय: १) मुद्द्याचं बोलायचं. २) साडूंसमोर विम्याचा विषय काढून त्यांना लाजवायचं नाही. ३) येताना ही बरोबर असेल, तर टॅक्सी. बॅग मोठी आहे.

२२ एप्रिल
ताईंकडे गेलो तर ही तिथे नाही. ताई म्हणाल्या, तुम्हाला सांगितलं नाही तिने? दोन गल्ल्या पलीकडे खोली घेतलीय. साडू चपला घालून पोचवायला आले, पण वळणावरूनच परत गेले.

स्टेशनरीच्या दुकानाला लागून खोली. दारावर हाताने लिहिलेला कागद, पियानो शिकवणी, खाली वेळा. अक्षर हिचं. बाहेर बाकावर दोन मुलांच्या आया बसल्या होत्या, त्यांच्याशेजारी बसलो. आतून कुणीतरी लहान मूल सूर चढवत होतं, चौथ्या सुराला अडखळत होतं, आणि ही दर वेळी म्हणत होती, पुन्हा. रागावून नाही. पुन्हा. परत पुन्हा. हिच्यात एवढा धीर आहे हे मी विसरलो होतो.

मुलं गेल्यावर आत बोलावलं. ही बारीक झालीय. चष्मा नवा आहे, हिला शोभतो. खोलीत एक टेबल, एक पलंग, भाड्याचा कीबोर्ड. भिंती कोरड्या आहेत, मी हात लावून पाहिला. हिने चहा केला. साखर किती ते विचारलं नाही, बरोबर घातली.

मी तिन्ही कंपन्यांचे कागद टेबलावर मांडले. हिने सगळे वाचले, अगदी मन लावून. मग कागद बाजूला ठेवून विचारलं, तुम्ही मला काय विचारायला आलात?

म्हटलं, डिडक्टिबल कमी ठेवायचा की जास्त.

हिने माझा रिकामा कप उचलून ठेवला. मग म्हणाली, आणखी काही विचारायचंय?

म्हटलं, हो, तिसऱ्या पानावर सही राहिलीय.

सही करताना पेन एका ठिकाणी थांबलं. राहणाऱ्या व्यक्ती: दोन, असं छापील अक्षरांत भरलं होतं मी. हिने ते वाचलं. खोडलं नाही. सही केली. खोडलं नाही ही जमेची बाजू.

दारात म्हणाली, एकदा तुम्ही अर्जंट लिहिलं होतंत हो.

मी म्हणालो, विम्यात घाई उपयोगाची नाही.

परतीच्या बसमध्ये दुसरी उत्तरं सुचली. तीन सुचली. तिन्ही चांगली आहेत. कोणतं द्यायचं ते ठरवून हिला कळवीन.

२६ एप्रिल
तिन्ही उत्तरं कागदावर लिहून पाहिली. पहिलं: चल घरी. दुसरं: माझं चुकलं. तिसरं जरा लांबलं, त्यात हॉलच्या पियानोचा उल्लेख आहे. पहिलं फार त्रोटक वाटतं. दुसऱ्यात जबाबदारी एकाच पक्षावर येते. तिसरं लिहिताना डोळे भरून आले, त्यामुळे निःपक्षपातीपणे तोलता येईना.

आठवडाभर थांबून निर्णय.

३० एप्रिल
विम्याचा अर्ज दाखल केला. तिसरी कंपनी, ती होल्डवर टाकणारी. सर्व्हेअर बाईंच्या कंपनीपेक्षा या कंपनीची वस्तूंची यादी मोठी आहे. पियानो पूर्ण किमतीला. आग, चोरी, पाणी, वाहतुकीत होणारी मोडतोड, सगळं सगळं. असं कवच या इमारतीत कुणाच्याही घराला नसेल.

आता ही आली की सांगायचं, बघ. बस आता निर्धास्त वाजवत.

६ मे
हिचा फोन आला! आपणहून! रिंग वाजली तेव्हा मी आंघोळीत होतो, तसाच धावलो.

ही म्हणाली, पियानो पाठवून द्या. इथे एक दुरुस्तीवाले आहेत, बाबांच्या हाताखाली शिकलेले. ते म्हणतात वाचेल.

मी म्हटलं, अगं, पॉलिसीत तो या पत्त्यावर दाखवलाय. हलवला तर कवच जाईल.

मग म्हणाली, तो माझ्या बाबांचा आहे हो.

बरं, मी म्हणालो.

दुरुस्त व्हायला चाललाय. दुरुस्त झालेली वस्तू जिथली तिथे परत येते. परचेसचा नियमच आहे तो, बाहेर गेलेल्या मालाचा गेटपास ठेवायचा असतो.

उत्तरांपैकी दुसरं देणार होतो, फोनवर आठवलं नाही.

१२ मे
चार माणसं आली, पट्टे आणि जुनी ब्लँकेटं घेऊन. बादली कुठे ठेवू, एकाने विचारलं. म्हटलं, द्या इकडे. बादली हातात घेऊन उभा राहिलो. पियानो दारातून जाईना, दार बिजागरीतून काढावं लागलं. आणला होता तेव्हाही काढलं होतं, तेव्हा हिचे वडील जिन्यातून ओरडत होते, सांभाळून रे, सांभाळून. आज कुणी ओरडलं नाही. मग मीच एकदा म्हटलं, सांभाळून.

मागे भिंतीशी शिसपेन्सिली सापडल्या, एक केसांची पिन, कुणा मुलाचा चांदणीचा स्टिकर. फरशीवर चाकांचे खळगे.

खिडकीतून पाहिलं तर टेम्पोच्या पुढच्या सीटवर ही. आलीच होती म्हणजे. वर आली नाही, जिने चढून दम लागत असेल. मी दोन कप चहा टाकला. ट्रे सापडेना. हिला नुसते कप हातात धरून आणलेले आवडत नाहीत, म्हणून ट्रे शोधला, वरच्या कपाटात मागे होता, पुसला. खाली पोचलो तेव्हा टेम्पो कोपऱ्यावर वळत होता.

जिन्यात बसून दोन्ही कप प्यायलो. डॉक्टर क्लिनिकला निघाले होते. म्हणाले, काय, पाणी थांबलं ना आता? म्हटलं, थांबलं.

१३ मे
बाहेरच्या खोलीत बोललं की आवाज घुमतो. म्हणून बोलत नाही.

तक्ता फ्रिजवरून काढला. खालचं वेळापत्रक गोंदाबरोबर फाटून आलं. गुरुवारचा अर्धा भाग उरलाय.

१९ मे
मुलगी आली. रजा टाकून, न कळवता. घर आवरलं, फ्रिजमधली अंडी मोजली. जेवताना म्हणाली, बाबा, आई परत येणार नाहीये. तिने सांगितलंय मला. तुम्ही विचाराल म्हणून थांबली होती ती, तुम्ही विचारलंच नाहीत.

म्हटलं, विचारणारच होतो. तीन उत्तरं तयार आहेत माझ्याकडे.

दाखवा, म्हणाली. मी कागद आणून दिला. तिने वाचला. पहिलं वाचलं, दुसरं वाचलं, तिसरं वाचताना कागद खाली ठेवला आणि माझा हात धरला. म्हणाली, बाबा, यातलं कुठलंही चाललं असतं हो तिला. कुठलंही.

वाईट वाटलं. दुसरं काही लिहिता येत नाही. फार वाईट वाटलं.

२० मे
मुलीला म्हटलं, आता देऊ का मग? तिसरं? ती म्हणाली, द्या, पण ती यावी म्हणून देऊ नका. मग कशासाठी द्यायचं ते तिलाही सांगता आलं नाही. दुपारच्या गाडीने गेली.

२२ मे
हिला फोन केला. कागद हातात होता, पण वाचला नाही. म्हटलं, माझं चुकलं. ही म्हणाली, हो. मग म्हणाली, अंडी रोज खाऊ नका. मागे कुणीतरी पियानो लावत होतं, एकच सूर पुन्हा पुन्हा. मी विचारलं, वाचला का? म्हणाली, वाचला.

फोन मी आधी ठेवला नाही. हिनेही लगेच ठेवला नाही.

२९ मे
कुरिअरने पॉलिसी आली. जाड पाकीट. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. एकही चूक नाही, एकही पळवाट नाही. इतकी चांगली पॉलिसी मी आयुष्यात पाहिली नाही. आग, भूकंप, चोरी, पाणी. पियानो: एक. राहणाऱ्या व्यक्ती: दोन.

टेबलावर ठेवली आणि तिच्यासमोर बसलो. दाखवायला कुणी नव्हतं.

५ जून
कंपनीला फोन केला, पॉलिसीत दोन दुरुस्त्या सांगायच्या होत्या. होल्डवर टाकलं. ते संगीत पियानोचं आहे, हे इतक्या महिन्यांत लक्षात आलं नव्हतं. चांगलं वाजवलंय. या वेळी ते संपलं नसतं तरी चाललं असतं, पण एक बाई लाइनवर आल्या. आवाजावरून आमच्या मुलीच्या वयाच्या.

म्हटलं, यादीतून पियानो काढा. काढला. म्हटलं, राहणाऱ्या व्यक्ती दोन आहेत, तिथे एक करा. त्या म्हणाल्या, ओके सर, एक व्यक्ती कधीपासून?

म्हटलं, म्हणजे?

म्हणाल्या, कोणत्या तारखेपासून एक? सिस्टिम तारीख मागते.

रोजनिशी समोर होती. मागे गेलो. ५ मार्चला लिहिलंय, ही दुपारी ताईकडे गेली, संध्याकाळी येईल. कंपन्यांच्या खाली, शेवटची ओळ. पण ती तारीख बरोबर वाटेना. प्लंबरला परत पाठवला तो दिवस धरायचा? की ही भाजीला अर्जंट म्हणायची थांबली तो? तो कुठेच लिहिलेला नाही. म्हटलं, मॅडम, नक्की सांगता येत नाही. हळूहळू झालं ते.

त्या म्हणाल्या, सॉरी सर, पण एक तारीख टाकावीच लागेल. पॉलिसी सुरू झाल्याची टाकू, आजची टाकू, की तुम्ही सांगाल ती?

तीन पर्याय होते. तक्ता केला नाही. म्हटलं, आजची टाका.

टाकली.